घरात कोण सांभाळतं?

आमच्या प्रकल्पाची बैठक दर सोमवारी असायची आणि दर सोमवारी मी मनाशी ठरवायचे की आज सरळ बाहेर पडायचं. मग कुणीतरी इतकं चुकीचं काहीतरी बोलायचं, की ते दुरुस्त करण्याच्या नादात बाहेर पडणं राहून जायचं.

आम्ही चौघं होतो. एक डॉक्टर, हॉस्पिटलच्या विस्मरण विभागाचे प्रमुख. कुठलंही वाक्य 'माझ्या एका पेशंटचं सांगतो' इथून सुरू करायची त्यांना खोड. दुसरा मेंदूवाला. वयाने सगळ्यात लहान, मशीनमधून मेंदूची चित्रं काढणारा. जे चित्रात दिसत नाही ते असतं यावर त्याचा फारसा विश्वास नव्हता. तिसऱ्या समाजकार्याच्या बाई, 'कुटुंब' हा शब्द आला की क्षणभर डोळे मिटून घेणाऱ्या. आणि चौथी मी. मी गणित शिकवते. या तिघांनी गोळा केलेलं एकत्र करून त्यातून काय निघतं ते सांगायचं, हे माझं काम. प्रत्यक्षात मात्र 'मॅडम, एवढं जरा बघून देता का' हे वाक्य ऐकणं, एवढंच माझं काम होतं.

विषय चांगला होता, उगाच खोटं का बोलू. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विस्मरणाचा आजार झाला, की त्याचं सगळं करणाऱ्याचं पुढे काय होतं? त्याची झोप, रक्तदाब, मेंदू, मन, सगळं तपासायचं. डॉक्टर रक्तदाब घेणार आणि लाळेतलं ताणाचं रसायन मोजणार, मेंदूवाला चित्रं काढणार, बाई घरोघरच्या मुलाखती घेणार आणि मी त्याचं गणित मांडणार.

हा अभ्यास हौसेखातर चालला नव्हता. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, जिथे पूर्वी चादरी धुवायच्या तिथे, 'दुपारचं घर' चालायचं. विस्मरण झालेल्या माणसांना जेवणानंतर तिथे आणून सोडायचं आणि संध्याकाळी घेऊन जायचं. मधला वेळ घरच्यांचा. हॉस्पिटलच्या मंडळाला ती जागा गाड्या लावायला हवी होती. तोंडावर तसं म्हणवत नाही, म्हणून मंडळाने आम्हाला सांगितलं की या लोकांना खरोखरच विसाव्याची गरज आहे का, ते शास्त्रीय पद्धतीने दाखवून द्या. गरज दिसली तर घर राहील, नाही दिसली तर कुलूप.

माझी आई त्या घरात जाते. हे मी पहिल्याच दिवशी तिघांना सांगितलं होतं. माझ्यापर्यंत नावं येत नाहीत, नुसते क्रमांक येतात, तेव्हा चालेल, असं सगळ्यांचं मत पडलं. आई दादाकडे असते. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मी रविवारी जाते.

तर पहिलं घोडं अडलं ते प्रश्नापाशी. घरोघर फोन करून आधी हे विचारायचं होतं की आजारी माणसाचं करतं कोण. म्हणजे मग त्याच व्यक्तीला तपासणीला बोलावता येईल. या एका प्रश्नाचा आम्ही कित्येक सोमवार कीस पाडला. डॉक्टरांना 'मुख्य शुश्रूषाकार' हवा होता. मेंदूवाला म्हणाला, हे ऐकून लोक फोन ठेवून देतील. त्याला 'जबाबदार नातेवाईक' हवा होता. बाई म्हणाल्या, जबाबदार म्हटलं की लोक घाबरतात, पोलिसांचा फोन आल्यासारखं वाटतं. शेवटी त्यांनीच सुचवलं, "साधं विचारू या ना. तुमच्या घरात आजारी माणसाला कोण सांभाळतं?"

सगळ्यांना ते पसंत पडलं. मलाही पडलं. घरगुती शब्द, कुणालाही कळेल असा. माझी अट एकच होती की एका घरातून एकच नाव घ्यायचं. दोन-तीन नावं आली की माझा ताळेबंद बिघडतो. तेही झालं. फोन झाले, माणसं आली, मशीन गरगरलं, लाळेच्या बाटल्या भरल्या.

आणि निकाल आला, की सांभाळणाऱ्यांना काहीही झालेलं नाही. त्यांचे मेंदू, रक्तदाब, झोप, सगळं तुलनेसाठी बोलावलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखंच. काही जण तर शेजाऱ्यांपेक्षा ताजेतवाने होते.

मी तो निकाल पुन्हा पुन्हा तपासला. माझी चूक असती तर मला बरं वाटलं असतं. पण गणित बिनचूक होतं. सोमवारी मी तो पडद्यावर लावला.

"म्हणजे लोक छान निभावून नेतायत," डॉक्टर म्हणाले. "माझ्या एका पेशंटचं सांगतो, त्यांचा मुलगा इतका आनंदी असतो."

"कुटुंबाची ताकद आहे ही," बाई डोळे मिटून म्हणाल्या.

"मेंदू लवचीक असतो," मेंदूवाला म्हणाला. "मी तर लेख लिहायला घेतलाय यावर."

निकाल हातात पडून पाच मिनिटं झाली नव्हती आणि तिघांकडे तिघांची कारणं तयार होती. निकाल उलटा आला असता तर उलटी कारणंही तयार असती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, "हे मंडळापुढे गेलं तर दुपारचं घर बंद होईल."

"मॅडम, आकडे बोलतात ते खरं, असं तुम्हीच म्हणता," डॉक्टर म्हणाले. दिवसभर माझं डोकं त्यानेच तापलेलं राहिलं.

त्या रविवारी दादाकडे गेले. दादा गुणी माणूस आहे, हे आधीच सांगते. आईवर त्याचा जीव आहे, आवाज चढवून कधी बोलत नाही, आणि तिची औषधं संपायच्या आत नवीन आणतो. मी चप्पल काढतेय तोच तो मोबाइल घेऊन पुढे आला.

"हे बघ, आकडेबाई. ओळख पाहू, हे काय आहे."

पडद्यावर करड्या रंगाचा मेंदू होता. आमच्याच मशीनमधला. कोपऱ्यातली खूण मी ओळखली.

"कुणाचा आहे?"

"माझा. तो तरुण पोरगा म्हणाला, वयाच्या मानाने एकदम झकास. ऑफिसात सगळ्यांना दाखवला मी."

"तुला कशाला बोलावलं त्यांनी?"

"सांभाळणारा म्हणून. फोन आला होता ना, आईला कोण सांभाळतं म्हणून. सकाळची सुट्टी टाकली, गेलो. मस्त चहा वगैरे दिला."

मी खुर्चीत बसले. आतून आईने हाक मारली, "दार लावलंस का?" स्वयंपाकघरातून वहिनीने मान न वळवता उत्तर दिलं, "लावलं, आई."

"दादा, आईला तू सांभाळतोस?"

"मग काय शेजारचे सांभाळतात?"

"औषधं कोण देतं?"

"आणतो मी."

"देतं कोण?"

"ही देते."

"अंघोळ?"

"ती हीच घालणार ना. मी कसा घालू?"

"आणि आई रात्री उठून बसली तर?"

"रात्रीचं मला नाही माहीत," दादा अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. "मला जागच येत नाही गं. झोप फार गाढ आहे माझी."

ते आमच्याकडेही नोंदलेलं होतं. क्रमांकामागचा माणूस आता कळला इतकंच. झोप उत्तम, असं लिहिलेल्या त्या ओळीने आमच्या निकालाला हातभार लावला होता.

मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी ओट्याशी उभी राहून फळ सोलत होती आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर भार बदलत होती. "दार लावलंस का?" आतून पुन्हा आलं. "लावलं, आई," वहिनी म्हणाली. आवाजात ना राग ना लोभ.

"वहिनी, तो फोन आला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"मीच उचलला होता, ताई."

"मग त्यांनी विचारलं ना, आईला कोण सांभाळतं?"

"विचारलं. मी म्हटलं, हे सांभाळतात."

"आणि तुम्ही?"

"मी काय, घरातच असते," वहिनी म्हणाली. मग सुरी खाली ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, "चुकलं का काही? त्यांचं नाव द्यायचं नव्हतं का? आणि ताई, मला 'या' म्हणाले असते, तरी सकाळभर जाणार कशी मी? आईंना कुणापाशी ठेवू?"

मी कपाळाला हात लावला. तिला वाटलं माझं डोकं दुखतंय, म्हणून तिने मला पाणी दिलं.

घरी जाताना तो शब्द माझ्या डोक्यातून हलेना. दुकान सांभाळतो म्हणजे गल्ल्यावर बसतो, माल उचलतो असं नाही. घर सांभाळतो म्हणजे घर त्याच्या नावावर चालतं. 'आईवडिलांना सांभाळतो' असं लग्नाच्या बोलाचालीत मुलाबद्दल कौतुकाने सांगतात, आणि तेव्हा अंघोळ घालायचा विषय कुणाच्या मनात नसतो. बायकांच्या वाट्याला हा शब्द येतो तो 'जरा सांभाळून घे' असा, म्हणजे गप्प बस. आम्ही चार शहाणे कित्येक सोमवार खपून नेमका असा शब्द शोधून काढला होता, की ज्याने करणारी बाई आपलं नाव सांगणारच नाही. आणि तेही एकच नाव हवं म्हणून हटून बसले होते मी.

दुसऱ्या दिवशी बैठकीच्या आधी मी बाद केलेल्या ओळी उघडल्या. प्रत्येक अभ्यासात काही माणसं बाद करावी लागतात. आमच्याकडे सगळ्यात मोठा ढीग झोपेचा होता. मशीनमध्ये डोळे उघडे ठेवून समोरच्या फुलीकडे बघत पडून राहायचं असतं. झोप लागली की चित्र बदलतं, मग ते जाग्या माणसांच्या चित्रांशी ताडता येत नाही. म्हणून जो झोपेल तो बाद, आणि एक तपासणी बाद झाली की अख्खी ओळ बाद, हा मेंदूवाल्याचा नियम. मी तो डोळे झाकून पाळला होता.

आता त्या मशीनचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला विचारा. रस्ता खणत असल्यासारखा तो ठणठणाट असतो. कानात बोळे घालून आत जावं लागतं. त्यात झोप लागते कुणाला? मी बाद ओळींचे बाकीचे रकाने पाहिले. रक्तदाब वर, लाळेतलं रसायन भलतीकडे, बाईंच्या मुलाखतीत ताणाचे गुण सगळ्यात वाईट. आम्हाला हवी होती ती माणसं आली होती. थोडीच आली होती, पण आली होती. ती झोपली म्हणून आम्ही त्यांना काढून टाकलं होतं.

बैठकीत मी हे सगळं सांगितलं. दादाचंही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे आपण चुकीची माणसं मशीनमध्ये घातली?"

"ज्यांना सकाळभर मोकळीक होती ती घातली. जो सांभाळतो त्याला मोकळीक नाही, आणि ज्याला मोकळीक आहे तो सांभाळत नाही. आपण गाळणी लावून बरोबर उलटी माणसं निवडली."

"पण सांभाळणं या शब्दात भावनिक आधारही येतो," बाई म्हणाल्या.

"बाई, भावनिक आधाराने रक्तदाब वाढत नाही. रात्री उठल्याने वाढतो."

"माझा लेख छापायला गेलाय," मेंदूवाला मध्येच म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मग परत मागवा."

"असा परत मागवता येत नाही, मॅडम. लोक काय म्हणतील? वर्षभराचं काम आहे ते."

"लोकांना तुमच्या लेखातून कळणार आहे की आईवडिलांची उस्तवार केली की माणूस ताजातवाना होतो. माझ्या भावाच्या मेंदूवरून. तो भाऊ रात्री घोरत असतो." मी इतक्या मोठ्याने बोलले की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावून गेलं. मला लाज वाटली नाही.

तासभर वाद झाला. डॉक्टरांनी दोन पेशंट सांगितले. बाईंनी 'सांभाळणं' ऐवजी 'सहवास' सुचवला आणि मी टेबलावर डोकं टेकवलं. अखेर मीच म्हणाले, "शब्द नकोच. एवढंच विचारा, की रात्री म्हातारं माणूस उठलं तर कोण उठतं?"

"फारच रोखठोक आहे," बाई म्हणाल्या.

"हो."

त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "उद्यापासून मी स्वतः फोन करते." आणि खरोखर केले. त्या बाईंबद्दल माझं मत त्या आठवड्यात बदललं. सगळी घरं पुन्हा विचारून झाली. निम्म्याहून जास्त घरांत नाव बदललं. 'मी' म्हणणारे आता 'ही' म्हणाले, 'सून' म्हणाले, 'धाकटी' म्हणाले. एका घरात आजारी बाईचा नवराच उठत होता आणि मुलगा गेल्या वेळी 'मी सांभाळतो' म्हणून येऊन गेला होता. मशीनमध्ये ज्या झोपल्या होत्या, त्या सगळ्या रात्री उठणाऱ्या निघाल्या. मेंदूवाल्याने ती यादी पाहिली आणि संपादकांना कळवलं की लेख थांबवा. मला त्याचं वाईट वाटलं, पण मी तसं दाखवलं नाही.

आता या बायकांना तपासायला बोलवायचं, तर पुन्हा तेच. सकाळी त्या येऊ शकत नव्हत्या. घरचं माणूस दुपारच्या घरात असेल तेवढाच वेळ त्यांच्या हातात. आणि दुपारी मशीन डॉक्टरांच्या पेशंटसाठी राखलेलं. डॉक्टरांनी आधी हात झटकले, मग कुरकुर केली, मग दोन दुपारी दिल्या. देताना असा चेहरा केला की जणू स्वतःचं मूत्रपिंड काढून देतायत.

तोवर मंडळाची बैठक येऊन ठेपली. हातात नवा निकाल नव्हता, जुना सांगण्यासारखा नव्हता. अध्यक्षबाईंची खोली थंडगार होती आणि त्यांच्या मागच्या खिडकीतून दुपारच्या घराचं छप्पर दिसत होतं. डॉक्टर बोलायला लागले, तर अध्यक्षबाईंनी हाताने थांबवलं.

"निकाल काय आहे?"

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी बरोबर आठवण होते माझी.

"निकाल नाही," मी म्हणाले. "आम्ही चुकीच्या माणसांना तपासलं." आणि थोडक्यात सगळं सांगितलं.

"म्हणजे इतके दिवस घालवून तुमच्याकडे पुरावा नाही. मग मंडळाने ती जागा का अडवून ठेवायची?"

"कारण ज्यांना तपासायचं आहे त्या बायका फक्त दुपारच्या घराच्या वेळेत येऊ शकतात. ते बंद केलंत तर त्या मशीनपर्यंत पोचणार नाहीत. त्या पोचल्या नाहीत तर ते बंद करावं की नाही, हे तुम्हाला कधीच कळणार नाही."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे ते घर चालू ठेवायचं ते तुमच्या अभ्यासासाठी."

"हो."

"त्या बायकांसाठी नाही."

"त्यांच्यासाठी ठेवायला तुम्ही पुरावा मागितलाय. अभ्यासासाठी ठेवायला तुम्हाला पुरावा लागत नाही."

माझ्या आवाजात जी धार होती ती त्यांना कळली असणार. समाजकार्याच्या बाईंनी टेबलाखालून माझा हात दाबला, म्हणजे सांभाळून.

"आणि हा अभ्यास संपणार कधी?"

"आकडे जमतील तसा," मी म्हणाले. इतकं मोघम उत्तर मी आजवर कुणाला दिलं नव्हतं. विद्यार्थ्याने दिलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

"पुढच्या बैठकीला माझ्यासमोर चित्रं हवीत," अध्यक्षबाई म्हणाल्या. "या बायकांची, धड, वापरता येतील अशी. नसतील तर अभ्यासही संपला आणि ते घरही."

पहिला नंबर वहिनीचा लावला होता. तो मी लावलेला नाही, बाईंनी लावला. आणि नेमकी त्या दिवशी आईला कणकण आली. ताप असला की दुपारच्या घरात घेत नाहीत. वहिनीचा फोन आला, "ताई, मी नाही येत. पुढच्या वेळी बघू."

पुढची वेळ अशी काही नव्हतीच. मी दादाच्या ऑफिसात फोन केला.

"आज दुपारी घरी जाऊन बस. वहिनीला यायचंय."

"अगं, आज कसं जमेल? आणि आईचं मला काही कळत नाही. तिचं सगळं हिलाच माहीत."

"तू सांभाळतोस ना तिला? नोंद आहे आमच्याकडे."

तो हसला, मी हसले नाही. अर्ध्या तासाने तो घरी पोचला.

वहिनी आली ती धापा टाकत. येताना औषध कुठे आहे, चादर कुठे आहे, आईंना पाणी कोमट करून द्या, हे तिने दादाला जिन्यातूनही सांगितलं होतं आणि रिक्षातूनही. कानातलं काढून ठेवलं, अंगठी निघेना म्हणून साबण लावून काढली. मोबाइल ट्रेमध्ये ठेवताना ती जरा घुटमळली.

"याचा आवाज मला आत ऐकू येईल का?"

"नाही येणार," मशीन चालवणारी म्हणाली. "आत काहीच ऐकू येत नाही. फक्त फुलीकडे बघत राहायचं. झोपायचं नाही हं."

"दिवसा नाही झोपत मी," वहिनी म्हणाली आणि आडवी झाली.

आम्ही काचेच्या अलीकडे बसलो. मेंदूवाला, मी आणि मशीन चालवणारी. ठणठणाट सुरू झाला. पडद्यावर एका कोपऱ्यात वहिनीचा डोळा दिसत होता. तो फुलीकडे बघत होता, मग जरा बारीक झाला, मग मोठ्या कष्टाने उघडला. मग मिटला. मी मनात म्हणत होते, वहिनी, थोडा वेळ. थोडाच वेळ उघडा ठेवा. तो मिटलेलाच राहिला.

"गेली," मशीन चालवणारी म्हणाली आणि बोलायच्या बटणावर बोट ठेवलं. "उठवू ना?"

तिचं बरोबरच होतं. एरवी उठवतात. एकदा हाक मारायची, पुन्हा झोपलं तर बाद लिहून पुढचा माणूस घ्यायचा. मी मेंदूवाल्याकडे पाहिलं. नियम त्याचा होता आणि त्याचा एक लेख आधीच माझ्यामुळे गेला होता.

दार उघडून डॉक्टर आत आले. "अजून किती? माझा पेशंट बाहेर ताटकळलाय," असं म्हणत त्यांनी काचेतून पाहिलं. तेवढ्या गोंगाटात वहिनी तोंड किंचित उघडं ठेवून झोपली होती. तिचा एक हात पोटावर होता आणि दुसरा बाजूला, पालथा, सैल. वहिनीचा हात रिकामा असलेला मी पहिल्यांदा बघत होते. डॉक्टर स्टूल ओढून बसले.

"सर, उठवू का?" मशीन चालवणारीने पुन्हा विचारलं.

"राहू दे," मेंदूवाला म्हणाला. तो पडद्याकडे बघत होता. "झोपेचंही चित्र येतंच की. किती वेळात झोप लागली तेही येतं. मॅडम, बाद न करता नवीन रकाना घालता येईल?"

"येईल."

"सगळ्यांसाठी? आधीच्या बाद केलेल्या पण?"

"सगळ्यांसाठी."

"मग अध्यक्षबाईंना हेच दाखवू," तो म्हणाला. "मशीनचा आवाज चालू ठेवून दाखवू."

इतक्या महिन्यांत चौघांपैकी तिघांचं एका गोष्टीवर वाद न होता एकमत झालं, ते हे. मला रडू येत होतं आणि त्याचाही वैताग येत होता, कारण एवढ्याशा गोष्टीसाठी किती सोमवार गेले.

ट्रेमध्ये वहिनीचा मोबाइल थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. अंगठीवर आपटून खडखड वाजायला लागला. मी तो उचलून दाराशी गेले.

"अगं, कुठे आहेस तू?" दादाचा आवाज रडकुंडीला आला होता. "आई सारखी तेच तेच विचारतेय. मी सांगतोय, तिला पटतच नाही. पाणी दिलं ते सांडलं. आता चादर बदलायची कशी ते तरी सांग."

"मी बोलतेय," मी म्हणाले. "वहिनी झोपलीय."

"झोपलीय? दुपारची? तिला उठव ना, मला काही सुचत नाहीये इथे."

त्याच्या मागून आईचा आवाज आला, दार लावलंस का. काचेपलीकडे मशीन ठणठणत होतं आणि वहिनीने कूससुद्धा बदलली नव्हती.

"दादा," मी म्हणाले, "सांभाळ." आणि फोन बंद करून ट्रेमध्ये परत ठेवला.